विजेची गाडी आणि सेनापती बापट

३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसवरून हार्बर मार्गाने कुर्ल्याकडे एक गाडी सुटली. तिला ना कोळसा लागत होता, ना पाणी. १५०० व्होल्ट डीसी विजेवर धावणारी ही भारतातील पहिली रेल्वेगाडी. गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले आणि मुंबईकर त्या नवलाईने हरखून गेले. त्याआधी जेमतेम दोन महिने, डिसेंबर १९२४ मध्ये, सह्याद्रीच्या पलीकडे मुळशी पेट्यात दुसरीच एक गाडी थांबवली गेली होती. धरणाच्या कामावरची ती गाडी रुळांवर दगड रचून अडवणारा ४४ वर्षांचा माणूस होता पांडुरंग महादेव बापट. मुंबईत गाडी धावली ती विजेवर. मुळशीत ती अडवली गेली तीही विजेपायीच.

गंमत अशी की, यंत्र हा बापटांच्याच अभ्यासाचा विषय. १२ नोव्हेंबर १८८० रोजी पारनेर येथे जन्मलेला हा हुशार विद्यार्थी डेक्कन कॉलेजात शिकला आणि शिष्यवृत्ती मिळवून १९०४ मध्ये एडिंबरा येथे यंत्र अभियांत्रिकी शिकण्यासाठी गेला. तिथे त्यांचा ओढा इंडिया हाऊसच्या वर्तुळाकडे वळला. राजकीय भाषणांपायी शिष्यवृत्ती गेली. पॅरिसमध्ये रशियन क्रांतिकारकांकडून बॉम्बची विद्या मिळवून १९०८ मध्ये ते परतले. पुढे काही वर्षे भूमिगत राहिल्यावर १९१२ मध्ये त्यांना इंदूरला अटक झाली. सुटकेनंतर पारनेरमध्ये हातात झाडू घेऊन रस्ते साफ करणारे बापट लोकांनी पाहिले. परदेशात शिकलेला, बॉम्बचे तंत्र जाणणारा आणि गावचा कचरा उचलणारा हा माणूस पुढे मुळशीच्या मावळ्यांमध्ये मिसळून गेला, यात नवल नाही.

टाटांची जलविद्युत योजना तेव्हा जोरात होती. खोपोलीचे वीजघर १९१५ मध्ये, तर भिवपुरीचे १९२२ मध्ये सुरू झाले. तिसरे होते भिरा, तेव्हाच्या कुलाबा आणि आताच्या रायगड जिल्ह्यातले. निळा आणि मुळा यांच्या संगमाजवळ धरण बांधायचे, भीमेच्या वाटेने पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे निघालेले पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला वळवायचे आणि सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याच्या जनित्रांवर सोडायचे, अशी ती रचना. तिथून ते पाणी कुंडलिकेत उतरते, कोलाड, रोहा ओलांडते आणि रेवदंड्याच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. अभियंत्याच्या दृष्टीने हा कल्पनेचा सुरेख खेळ. बापटांना ते कळत नव्हते, असे मानण्याचे कारण नाही. वीज मुंबईच्या गिरण्यांना आणि लोहमार्गांना हवी होती. मात्र बुडणार होती मावळातली आंबेमोहोर पिकवणारी ५० हून अधिक गावे.

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या मुहूर्तावर, सत्याग्रह सुरू झाला. बायका-मुलांसह शेतकरी धरणाच्या कामावर जाऊन बसले आणि काम काही महिने थांबले. सेनापती ही पदवी बापटांना मिळाली ती या लढ्यात. परंतु सरकारने भूसंपादन कायद्याचा आधार घेतला, आणि खोऱ्यातील जमिनींवर कब्जा असलेल्या पुण्याच्या सावकारांना मोबदला मान्य झाला. कसणाऱ्या मावळ्याची बाजू तिथेच लंगडी पडली. लढ्याचा हा भाग सहसा सांगितला जात नाही. एकामागून एक शिक्षा भोगत बापट परत येत राहिले. अखेर त्यांनी मोजके सोबती आणि हत्यारे घेऊन गाडी अडवली. अहिंसेची चौकट मोडल्याची टीका त्यांच्यावर झाली आणि ती अस्थानी म्हणता येणार नाही. मात्र पळून जाण्याचा विचार त्यांच्या मनात नव्हता. सात वर्षांची सजा झाली आणि त्यांची रवानगी सिंधमधील हैदराबादच्या तुरुंगात झाली.

ते तुरुंगात असतानाच १९२७ मध्ये भिऱ्याची जनित्रे फिरू लागली. जानेवारी १९२८ मध्ये बीबीसीआय रेल्वेची कुलाबा ते बोरिवली वाहतूक विजेवर आली. बोरघाटात, १ : ३७ चढावर, व्हल्कन फाउंड्री आणि स्विस कारखान्यांत घडलेली, मेट्रोपॉलिटन-विकर्सची विद्युत सामग्री असलेली लांब नाकाची मालवाहू इंजिने राबू लागली. रेल्वेवाले त्यांना खेकडा म्हणत. त्यांतील एक, सर लेस्ली विल्सन यांच्याच नावाचे, दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात जपून ठेवले आहे. १ जून १९३० रोजी डेक्कन क्वीन सुरू झाली आणि पुढल्या वर्षी बापट सुटून आले, तेव्हा मुंबई-पुणे प्रवास विजेचा झाला होता. मुळशीची गावे पाण्याखाली गेली होती.

त्यापुढचे आयुष्यही स्वस्थ गेले नाही. पुन्हा तुरुंगवास, सुभाषबाबूंच्या फॉरवर्ड ब्लॉकचे काम, १५ ऑगस्ट १९४७ रोजी पुण्यात फडकवलेला तिरंगा, पंचाहत्तरीत गोवामुक्तीचा सत्याग्रह आणि मग संयुक्त महाराष्ट्राचा लढा. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

भिऱ्याच्या वीजघरातून सुटणाऱ्या पाण्यावर आज कोलाडला तराफ्यांचे खेळ चालतात, आणि धाटावच्या कारखान्यांनाही कुंडलिकेचेच पाणी पोहोचते. मुंबईत पश्चिम रेल्वेच्या रुळांना खेटून, लोअर परळपासून माहीमपर्यंत जाणाऱ्या, पूर्वी तुळशी पाइप रोड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रस्त्याला आता सेनापती बापट मार्ग म्हणतात. विजेवर धावणाऱ्या लोकलगाड्या त्याच्या शेजारून दिवसभर धडधडत असतात.