खराटेवाले गाडगेबाबा

विहाराच्या स्मरणिकेत कीर्तनकार कशाला, असं कोणी पनवेलकर विचारील. आम्ही म्हणतो, माणुसकी जिथे दिसली तिथे हात जोडावेत.

डेबूजी झिंगराजी जानोरकर २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यात शेंडगावी परीट घरात जन्मले. १९०५ साली घर सोडलं. अंगावर चिंध्या, हातात खराटा. आधी गाव झाडायचे, मग रात्री कीर्तन. कुणाला पाया पडू दिलं नाही, चेला केला नाही. लोकांच्या पैशातून धर्मशाळा उठल्या; स्वतःची माणसं मात्र झोपडीत. पंढरपुरात आपल्या लोकांना थारा नव्हता, तिथे चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि १९४९ साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली.

६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले. चौदाच दिवसांनी, २० डिसेंबरला, वलगावजवळ गाडगेबाबाही गेले.