ठिणगीला शिस्त लावणारे रॉबर्ट बॉश

पेट्रोल इंजिनाचा प्राण म्हणजे योग्य क्षणी पडणारी ठिणगी. ती भरवशाची व्हावी यासाठी झटणाऱ्या उद्योजकांत जर्मनीच्या रॉबर्ट बॉश यांचे नाव अग्रभागी आहे.

उल्मजवळील अल्बेक या गावी २३ सप्टेंबर १८६१ रोजी त्यांचा जन्म झाला. बारा भावंडांत ते अकरावे. यंत्रकामाचे शिक्षण घेतल्यानंतर त्यांनी अमेरिकेत एडिसन यांच्या उद्योगात व पुढे इंग्लंडमध्ये काही काळ नोकरी केली. १८८६ मध्ये एक कारागीर आणि एक हरकाम्या मुलगा यांना सोबत घेऊन त्यांनी स्टुटगार्टमध्ये छोटी कार्यशाळा थाटली. सुरुवातीची वर्षे ओढगस्तीचीच गेली.

१८८७ मध्ये एका ग्राहकाच्या मागणीवरून त्यांनी एका जागी बसवलेल्या इंजिनासाठी मॅग्नेटो तयार केला. चुंबक आणि तारेचे वेटोळे यांच्या साह्याने वीज निर्माण करणारे हे यंत्र बॅटरीविना ठिणगी पाडत असे. मात्र वाहनाच्या वेगवान इंजिनापुढे ते अपुरे पडे. १८९७ मध्ये त्यात सुधारणा करून ते एका तीनचाकी वाहनावर बसवण्यात आले. १९०२ मध्ये बॉश यांचे सहकारी गॉटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो व स्पार्क प्लग यांची जोडी सिद्ध केली आणि मोटारउद्योगाची मोठी अडचण दूर झाली.

बॉश यांनी १९०६ मध्येच कामगारांना आठ तासांचा दिवस दिला. १९४० मध्ये त्यांच्या देणगीतून स्टुटगार्टमध्ये रुग्णालय उभे राहिले. नाझी राजवटीत त्यांनी हिटलरविरोधी गटाला साह्य केले. त्याच काळात त्यांच्या कारखान्यांत युद्धसामग्री बनत होती आणि वेठबिगार कामगार राबत होते, हा विरोधाभासही नोंदवायला हवा. १२ मार्च १९४२ रोजी त्यांचे निधन झाले.

मॅग्नेटोतील कच्चा दुवा होता तो घासून झिजणाऱ्या पॉइंटचा. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इलेक्ट्रॉनिक्सने तो दूर केला. लहान इंजिनांच्या सीडीआय प्रणालीत फ्लायव्हीलवरील चुंबकामुळे निर्माण झालेली वीज कपॅसिटरमध्ये साठते. ठरलेल्या क्षणी छोट्या वेटोळ्याकडून संकेत मिळताच थायरिस्टर मार्ग मोकळा करतो, ती वीज इग्निशन कॉइलमध्ये शिरते आणि हजारो व्होल्टचा दाब निर्माण होऊन ठिणगी पडते. पॉइंट गेले, फिरत्या चुंबकातून वीज घेण्याचे तत्त्व मात्र टिकून राहिले.