लक्ष्मणराव किर्लोस्कर

ठाणे, कल्याण अथवा डोंबिवली येथे एखाद्या अंगणात जुन्या मोटारसायकलचे इंजिन उघडून बसलेले पितापुत्र आमच्या वाचकांनी पाहिले असतील. तेलाअभावी पिस्टन सिलिंडरात अडकून बसते. मग एकेक भाग काढून, घासलेटाने धुऊन, नीट पारखावा लागतो. गेले काय हे पाहण्याबरोबरच शाबूत काय राहिले हेही पाहणारा तोच खरा कारागीर होय. ही दृष्टी ज्यांनी यंत्रांप्रमाणेच स्वतःच्या आयुष्यासही लावली, त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चरित्र आम्ही विद्यार्थिमित्रांपुढे ठेवीत आहो.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. शाळेच्या पुस्तकांत त्यांचे मन रमेना. चित्रे व यंत्रे हीच त्यांची आवड. वडिलांची इच्छा नसतानाही, थोरले बंधू रामुअण्णा यांच्या साहाय्याने ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. परंतु तेथे कळून आले की, त्यांच्या दृष्टीस काही रंग नीट ओळखू येत नाहीत. चित्रकार होऊ इच्छिणाऱ्या तरुणावर याहून मोठा आघात कोणता? तथापि रंग गेले तरी रेषा शाबूत होती. त्यांनी यांत्रिक रेखाटनाचा अभ्यास केला व व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक झाले.

१८८८ साली बेळगावात सायकलींचे लहानसे दुकान निघाले. तेथे मोडक्या सायकली दुरुस्त होत. पुढे हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा नोकरी सोडून त्यांनी बेळगावचीच वाट धरली. कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर ते करू लागले. लोखंडाने जमीन विषारी होते अशा समजुतीने शेतकरी नांगरास हात लावीत ना. पहिले नांगर खपावयास सुमारे दोन वर्षे लागली. लक्ष्मणरावांनी धीर सोडला नाही.

बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या अधिपतींनी त्यांस आश्रय दिला. १९१० साली निवडुंगाने भरलेल्या ओसाड माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. पहिल्या महायुद्धात लोखंड दुर्मिळ झाले असता छत्रपती शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या व त्यांचे नांगर झाले. १९४६ साली पुण्यास किर्लोस्करांचा इंजिनांचा कारखाना निघाला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव निवर्तले.

एखाद्या विषयात नापास झालेल्या मुलास टाकाऊ मानणाऱ्या पालकांनी हे चरित्र मनावर घ्यावे. परमेश्वराने प्रत्येकास काही ना काही देणगी दिलेलीच असते. ती शोधून काढणे हे घराचे व शाळेचे कर्तव्य होय. आणि मुलांनो, पुढल्या रविवारी वडील इंजिन उघडून बसले, तर दूर उभे राहू नका; हात काळे करून घ्या.