श्रीगाडगेबाबा आणि व्यसनमुक्तीचे कीर्तन

श्रीसंत गाडगेबाबांचा जन्म 1876 साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी परिटाच्या घरी झाला. नाव डेबूजी. वडील झिंगराजी दारूपायी गेले, संसार धुळीस मिळाला आणि मायलेकरांना दापुऱ्यास आजोळी आसरा घ्यावा लागला. ते दुःख डेबूजींच्या उरी कायम राहिले. पुढे मुलीच्या बारशाला जातीची रीत मोडून त्यांनी दारू-मटणाऐवजी गोडाचे जेवण घातले. जातभाई कुरकुरले; डेबूजी ढळले नाहीत.

1905 साली त्यांनी घर सोडले. दिवसा खराट्याने गाव झाडायचे, रात्री कीर्तनाने मने झाडायची, हाच नेम. कीर्तन कसले, वऱ्हाडी बोलीतले सवालजबाबच ते! दारूने कोणाचे भले झाले, असे बाबा समोरच्यांनाच पुसत. उत्तर आपण देत नसत. ते श्रोत्यांच्याच मुखातून निघे, त्यांत पिणाराही असे. मग सगळा समाज नामगजरात रंगून जाई. एकट्याचा निश्चय डळमळतो, दहाजणांच्या टाळीत तो तग धरतो. बाबांच्या कीर्तनाचे वर्म हेच.

20 डिसेंबर 1956 रोजी बाबांनी देह ठेवला. सज्जनहो, गावच्या भजनात व्यसनाने पिडलेला कोणी दाराशी घुटमळला, तर त्याला हाकलू नका. आत घ्या, हाती टाळ द्या, आणि उद्याही बोलवा.