हसन फतही : गरिबाच्या घराचा वास्तुशिल्पी

आयुष्याची पुंजी घालून माणूस एकदाच घर बांधतो. जागा ठरली की आपण विटा, सिमेंट आणि लोखंडाचे भाव विचारू लागतो. ऊन कोणत्या भिंतीवर पडते आणि वारा कोणत्या दिशेने येतो, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. मग स्लॅब तापतो आणि पंख्याखाली बसूनही जीव कासावीस होतो. घराचा विचार ऊन-वाऱ्यापासून सुरू करावा, हे ज्यांनी आपल्या कामातून दाखवून दिले, त्या इजिप्तच्या हसन फतही यांची ही ओळख आहे. ती पालकांनी आणि विशेषतः इंजिनिअर होऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांनी करून घ्यावी.

हसन फतही यांचा जन्म २३ मार्च १९०० रोजी अलेक्झांड्रिया येथे एका सुखवस्तू जमीनदार घराण्यात झाला. त्यांना शेतीचे शिक्षण घ्यायचे होते. परंतु प्रवेश परीक्षेत शेतीच्या व्यवहारी प्रश्नांची उत्तरे त्यांना देता आली नाहीत. ती वाट बंद झाली, तेव्हा ते वास्तुशिल्पाकडे वळले. १९२६ मध्ये कैरो येथे पदवी घेऊन १९३० पासून ते तेथील ललितकला महाविद्यालयात शिकवू लागले.

खेड्यापाड्यांतून फिरताना शेतमजुरांच्या अंधाऱ्या, कोंदट झोपड्या पाहून त्यांचे मन अस्वस्थ झाले. माती तर प्रत्येकाच्या पायाखाली आहे. तिच्या विटा उन्हात वाळतात, त्यांना भट्टी लागत नाही. मग गरिबाला चांगले घर का मिळू नये? अडचण होती ती छपराची. लाकूड आणि लोखंड परदेशातून येई, आणि दुसऱ्या महायुद्धात तेही मिळेनासे झाले. फतही यांनी मातीच्या विटांचे कमानदार छत बांधून पाहिले, पण ते कोसळले.

त्यांचे बंधू अस्वान धरणाच्या कामावर होते. त्या भागातील नूबी लोक लाकडाच्या आधाराशिवाय मातीची छपरे बांधतात, असे त्यांनी कळविले. १९४१ मध्ये फतही अस्वानला गेले. तेथील गवंडी मागच्या भिंतीवर चिखलाने कमानीची रेषा ओढीत आणि भरपूर भुसा घातलेल्या हलक्या विटा त्या भिंतीला टेकवून तिरप्या लावीत. प्रत्येक थर मागच्या थराला चिकटून उभा राही. तीन मीटर रुंद व चार मीटर लांब खोलीचे छत दोन गवंडी दीड दिवसात पुरे करीत. लक्सरजवळच्या रामेसियम मंदिरातील, तीन हजार वर्षांहून जुन्या कोठारांवर अशाच कमानी आजही उभ्या आहेत. पदवीधर प्राध्यापकाने या कारागिरांना आपले उस्ताद मानले आणि त्यांना कामावर बोलावून घेतले.

१९४५ मध्ये त्यांच्यावर मोठी कामगिरी आली. लक्सरसमोर प्राचीन थडग्यांवर वसलेले गुर्ना गाव हलवून सुमारे ९०० कुटुंबांसाठी नवे गाव बांधायचे होते. फतही यांनी एका साच्याची घरे काढली नाहीत. कोणाचा भाऊबंद कोणाशेजारी राहतो, जनावरे कोठे बांधतात, बायकांना पडद्यात राहूनही हवा कशी मिळेल, हे पाहून त्यांनी नकाशे केले. जाड भिंती, मधोमध अंगण, जाळीच्या खिडक्या अशी योजना होती. शाळेत मलकफ, म्हणजे वारा पकडून खाली आणणारा उंच झरोका ठेवला होता. त्यात ओला कोळसा ठेवला की आतली हवा सुमारे १० अंशांनी उतरे. मशीद, बाजार आणि मुलामुलींच्या शाळा उभ्या राहिल्या.

पण गाव पुरे झाले नाही. थडग्यांतील वस्तूंवर अनेकांची गुजराण चालत असे, त्यांना हलायचे नव्हते. कोणीतरी बांध फोडून नव्या गावात पाणीही सोडले. सरकारी खात्यांच्या दिरंगाईने बाकीचे केले, आणि १९४८ च्या सुमारास काम थांबले. रहिवाशाचे मन वळल्याशिवाय उत्तम नकाशाही व्यर्थ जातो, हा कडू अनुभव फतही यांनी पुढे आपल्या पुस्तकात न लपवता मांडला. ते १९६९ मध्ये कैरोत आणि १९७३ मध्ये शिकागोहून प्रसिद्ध झाले.

फतही यांचे म्हणणे खरे की खोटे, याची परीक्षा १९६४ मध्ये कैरोत झाली. ५० सेंटिमीटर जाड भिंतींच्या मातीच्या खोलीत दिवसरात्र २१ ते २३ अंश तापमान राहिले. १० सेंटिमीटरच्या तयार काँक्रीट तक्त्यांची खोली मात्र ३६ अंशांपर्यंत तापली, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षाही ९ अंश जास्त. १९८० मध्ये आगाखान वास्तुशिल्प पुरस्काराच्या वेळी त्यांचा खास गौरव झाला. ३० नोव्हेंबर १९८९ रोजी कैरो येथे त्यांचे निधन झाले. पुढे युनेस्कोने नव्या गुर्नाच्या जतनाचे काम हाती घेतले.

फतही यांचे अनुकरण म्हणजे कोकणच्या पावसात मातीचे घुमट उभारणे नव्हे. मराठवाड्यातील माळवदाची घरेही उन्हाळ्यात थंड असत, पण १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगडमातीच्या जड भिंतींनीच माणसे गाडली. म्हणून भिंतीच्या आणि छपराच्या मजबुतीसाठी जाणकाराचा सल्ला घ्यावाच. मात्र पश्चिमेच्या भिंतीवर सावली, समोरासमोर खिडक्या, छपराला उन्हापासून आडोसा आणि घरातल्या बायकामुलांच्या गरजांचा आधी विचार, एवढे तर प्रत्येक पालकाला करता येईल. आणि विद्यार्थ्यांनो, प्रवेश परीक्षेत अडलेला मुलगा आपल्या देशाचा नामवंत वास्तुशिल्पी झाला, कारण निरक्षर गवंड्याकडून शिकण्यात त्याला कधी कमीपणा वाटला नाही, हे ध्यानात ठेवा.