ट्रंपेटवादक चिक चॉकलेट

चरित्र म्हटलें कीं राजे, सेनापति, संत आणि शास्त्रज्ञ डोळ्यांपुढें उभे राहतात. आज आम्ही वाचकांपुढें एका वादकाचें चरित्र ठेवीत आहों. एके काळीं मुंबईच्या संगीतरसिकांत त्यांचें नांव फार गाजलें होतें. आज त्यांचें वादन पुष्कळांनीं ऐकलेलें असतें, पण तें कोणाचें हें फार थोड्यांस ठाऊक असतें.

त्यांचें खरें नांव आंतोनियो झेवियर वाझ. त्यांचा जन्म 1916 सालीं गोव्यांत, बारदेशांतील हळदोणें या गांवीं झाला. त्या वेळीं गोव्यावर पोर्तुगीजांचा अंमल होता. गांवोगांवच्या चर्चला जोडून शाळा असत आणि त्यांत मुलांना पांच रेषांची पाश्चात्य स्वरलिपि वाचावयास व वाद्य वाजवावयास शिकवीत. हेतु एवढाच कीं उपासनेच्या वेळीं गाणारे व वाजविणारे मिळावे. परंतु त्या शिक्षणानें पुढें शेंकडों गोवेकर तरुणांच्या हातीं पोट भरण्याचें साधन दिलें. आंतोनियो अशाच शाळेंत संगीत शिकले.

मुलानें यंत्रकाम शिकून चार पैसे मिळवावे अशी त्यांच्या आईची इच्छा होती, असें सांगतात. त्या माउलीस कोण दोष देईल? वादकाचा धंदा म्हणजे आज आहे, उद्यां नाहीं. परंतु मुलाचें मन ट्रंपेटवर जडलें होतें. अमेरिकेंतील कृष्णवर्णीय लोकांनीं निर्माण केलेलें जाझ नांवाचें संगीत त्या सुमारास मुंबईस येऊन पोंचलें होतें. 1935 सालीं लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय वादकांचा ताफा ताजमहाल हॉटेलांत वाजवूं लागला. या संगीतांत लिहिलेले स्वर पुरे पडत नाहींत. वादकाला आयत्या वेळीं स्वतःची भर घालावी लागते. या कलेचे अग्रणी लुई आर्मस्ट्राँग हे आंतोनियोंचे आदर्श झाले. आर्मस्ट्राँगप्रमाणें हातांत रुमाल घेऊन ते रंगमंचावर उभे राहत. चिक चॉकलेट हें नांव त्यांनीं धारण केलें, आणि भारताचे आर्मस्ट्राँग अशी त्यांची ख्याति झाली.

रंगून, मसुरी अशा ठिकाणीं वाजवून ते मुंबईंत स्थिर झाले. म्युझिक मेकर्स हा त्यांचा ताफा ताजमहाल हॉटेलांत लोकप्रिय झाला. पण दिवस पालटले. 1947 सालीं इंग्रज गेले. 1949 सालीं मुंबई इलाख्यांत दारूबंदीचा कायदा झाला. हॉटेलांतील नृत्याच्या मैफली ओसरूं लागल्या. ज्यांचा संसार त्यांवर चाले, त्या वादकांनीं काय करावें? अशा वेळीं चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणशाळांनीं त्यांना आसरा दिला.

तेथील काम सोपें नव्हतें. संगीतदिग्दर्शक हार्मोनियमवर चाल गाऊन दाखवी. ती स्वरलिपींत उतरवून प्रत्येक वाद्यासाठीं वेगळा भाग लिहिण्याचें काम जाणकार साहाय्यक करी. मग गायक आणि सारा वाद्यवृंद एकत्र ध्वनिमुद्रणास बसे. एकाची चूक झाली कीं सर्वांना पुन्हां आरंभापासून वाजवावें लागे. समोर येईल तो कागद तत्काळ वाचून वाजविणें गोवेकरांस साधे, कारण तें त्यांनीं बालपणीं चर्चच्या शाळेंत घोटलें होतें. अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड हे याच परंपरेंतले.

चिक चॉकलेट यांचा योग जुळला तो पुणतांब्याच्या रामचंद्र नरहर चितळकरांशीं, म्हणजे संगीतदिग्दर्शक सी. रामचंद्र यांच्याशीं. गोव्याच्या चर्चमध्यें घडलेला वादक आणि नगर जिल्ह्यांतला संगीतकार यांनीं मिळून हिंदी चित्रगीताला नवा ठेका दिला. भगवानदादांचा 'अलबेला' हा चित्रपट 1951 सालीं आला. त्यांत 'शोला जो भडके' या गाण्याची धामधूम कोणास आठवत नाहीं? त्याच चित्रपटांत चिक चॉकलेट व त्यांचे सोबती पडद्यावरहि दिसतात. त्याच वर्षीं 'नादान' या चित्रपटास त्यांनीं स्वतः संगीत दिलें. पुढें मदनमोहन यांच्याकडेहि त्यांनीं साहाय्यक म्हणून काम केलें.

पन्नाशी ओलांडली न ओलांडली तोंच, 1967 सालीं, त्यांचें देहावसान झालें. ते निदान कांहीं वेळां पडद्यावर दिसले; त्यांच्या शेजारीं बसून सॅक्सोफोन, व्हायोलिन, ढोलक वाजविणाऱ्या बहुतेकांचीं नांवें तर चित्रपटाच्या नामावळींत कधींच आलीं नाहींत. गाणें गायकाच्या व नटाच्या नांवानें ओळखलें गेलें, आणि वादक दिवसाची मजुरी घेऊन घरीं गेले. ही उणीव त्यांची नव्हे, ऐकणारांची होय.

विद्यार्थिमित्रांनो, शाळेंत रोज तोच धडा घोटतांना कंटाळा आला तर हळदोण्याच्या त्या मुलाची आठवण करा. तेथें गिरविलेले स्वर त्याला हॉटेलाचीं दारें बंद होऊं लागलीं तेव्हां कामास आले. पालकांसहि आमची नम्र विनंती आहे कीं, मुलाचा ओढा वेगळ्या वाटेकडे दिसला तर ती वाट तोडण्यापूर्वीं त्याच्या अंगीं कष्ट करण्याची तयारी आहे कीं नाहीं, एवढें अवश्य पाहावें. आणि पुढील वेळीं एखादें जुनें गाणें कानीं पडलें तर शब्द थांबल्यावरहि आपण ऐकत राहावें. दोन कडव्यांच्या मधल्या जागेंत कोणीतरी आपलें सारें आयुष्य ओतलेलें असतें.