उद्यान-नगरीचे जनक : एबेनेझर हॉवर्ड

पदवी नसलेल्या एका कारकुनाने शहरे कशी वसवावीत हे जगाला दाखवून दिले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

एबेनेझर हॉवर्ड यांचा जन्म १८५० साली लंडनमध्ये झाला. पंधराव्या वर्षी शाळा सुटली व कारकुनी पत्करावी लागली. लघुलेखन ते स्वतःच शिकले. अमेरिकेत शेती करून पाहिली, पण ती फसली. १८७६ साली मायदेशी परतून ते पार्लमेंटच्या कामकाजाचे लघुलेखन करू लागले.

लंडनच्या दाट, कोंदट वस्त्या आणि ओस पडणारी खेडी पाहून ते अस्वस्थ होत. १८९८ साली त्यांनी पुस्तकरूपाने आपली योजना मांडली. जमीन ६,००० एकर. त्यांपैकी १,००० एकरांवर नगर, भोवती शेती. वस्ती ३२,००० माणसांची. जमीन सर्वांच्या वतीने विश्वस्तांकडे राहावी आणि तिच्या वाढत्या किमतीचा लाभ मालकांच्या खिशात न जाता रहिवाशांच्याच सोयींसाठी खर्च व्हावा, हे या योजनेचे मर्म होते.

१९०३ साली लेचवर्थ व १९२० साली वेल्विन या नगरी उभारू लागल्या. भांडवल अपुरे पडले. लेचवर्थची घरभाडी गरीब मजुरांना परवडेनात. तरीही हॉवर्ड खचले नाहीत. १९२७ साली त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. १९२८ साली वेल्विन येथेच त्यांचे निधन झाले.

त्यांनी धन जोडले नाही. मात्र उजेड, हवा आणि झाडे गरिबाच्या मुलांनाही मिळाली पाहिजेत, हा विचार त्यांनी मागे ठेवला. तो पूर्णत्वास नेणे हे आता शिकणाऱ्या पिढीचे काम आहे.